काकूंचं तूप थिजेना

कुसुमकाकूंच्या स्टोव्हला एकही नॉब नव्हता. सगळे काढून घेतलेले, नुसत्या दांड्या बाहेर आलेल्या. मी चहाला गेले होते आणि चहा मायक्रोवेव्हमधून आला. बावीस वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच.

"नॉब कुठे गेले?" मी विचारलं.

"नितीनने ठेवलेत वर कुठेतरी. बरोबर आहे त्याचं. माझं आता काही खरं नाही गं."

काकू मूळच्या साताऱ्याच्या, आता अठ्ठ्याहत्तरच्या. नितीन त्यांचा मुलगा, त्यांच्यासोबतच राहतो, नोकरी न्यूयॉर्कला आयटीत. न्यूयॉर्कजवळच्या वेस्ट विंडसरमध्ये आमची घरं समोरासमोर. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा डिंकाचे लाडू, धुरी, तेल लावणं, सगळं काकूंनी केलं. त्यामुळे नितीन जिन्यावरून उतरल्या उतरल्या मी त्याला धरलं.

"हे काय लावलंयस?"

"वैशाली, ऑक्टोबरमध्ये ती गॅसवर दूध ठेवून फिरायला गेली. अलार्म वाजला, फायर ट्रक आला."

"किती वेळा?"

"एकदाच. पण आता तिचं तूपसुद्धा बिघडतंय यार. लागोपाठ तीन वेळा. जी बाई झोपेत तूप कढवेल, तिला ते जमत नाही म्हणजे काय समजायचं? मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतलीय. ते सांगेपर्यंत स्वयंपाक बंद."

काकू त्याच्या बोलण्याला मान डोलावत होत्या. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. या बाईने आयुष्यात कुणाचं मुकाट्याने ऐकलेलं नाही. नितीनचं तर नाहीच.

त्यांनी बरणी आणून माझ्यापुढे ठेवली. बाहेर फेब्रुवारीचा बर्फ, आणि तुपावर बोटभर पिवळं तेल तरंगत होतं. खाली मऊ लगदा. कणी नावालाही नाही. काकूंचं तूप म्हणजे चमचा घातला की रवाळ कणी दिसायची. गल्लीतल्या निम्म्या घरांत ते जायचं.

फ्रिजवर एक कागद लावला होता. साय विरजली. लोणी काढलं. तीन पाण्यांनी धुतलं. मंद आच. बेरी बदामी झाली. उतरवलं. प्रत्येक ओळीपुढे तारीख, वेळ आणि बरोबरची खूण, तिन्ही खेपांची.

"विसरते की काय म्हणून लिहायला लागले," काकू म्हणाल्या. "पण सगळं केलेलंच दिसतंय. मग चुकतं कुठे, तेच कळत नाही. रात्री डोळा लागत नाही गं."

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी डेअरी न्यूट्रिशनिस्ट आहे. म्हणजे गायींच्या ताटात काय वाढायचं ते मी ठरवते. अमेरिकेत या ताटाला रेशन म्हणतात. मक्याचा मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, किती, वाळलेलं गवत किती, दाणा किती, याचा रोजचा हिशेब. फार्मवर काही बिघडलं की मी आधी रेकॉर्ड मागते, आणि ते बहुतेक वेळा गचाळ असतं. काकूंचा कागद चोख होता. पद्धत तीच, हात तोच. मग आमच्या धंद्यात एकच प्रश्न उरतो. माल बदलला का?

"काकू, क्रीम कुठलं वापरता?"

"तुझ्या त्या डॅनकडचं. सहा वर्षं तेच आणते. तूच तर सांगितलं होतंस."

"आणि तूप कधीपासून बिघडलं?"

"डिसेंबरपासून."

मी कप खाली ठेवला. डॅन माझा क्लायंट, तासाभरावर त्याचा छोटा फार्म. नोव्हेंबरअखेर मी त्याच्या गायींचं रेशन बदललं होतं. मक्याचा दाणा कमी केला, जवस सुरू केलं. चटणी करतो तेच जवस, भरडलेलं.

गायीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात असंख्य जंतू असतात. खाल्ल्यातला मऊ फॅट ते बराचसा कडक करून टाकतात. तरीही जवस किंवा हिरवं गवत दिलं, तर थोडा मऊ फॅट त्यांच्या तावडीतून सुटतो आणि दुधात उतरतो. हा फॅट हृदयाला बरा समजतात. एवढ्याने दूध म्हणजे औषध झालं, असं मी कुणालाही सांगत नाही. पण लॅबचा रिपोर्ट छान आला होता. ओमेगा-थ्री वाढलं, कडक फॅट कमी झाला. बॉसने शाबासकी दिली होती आणि मीही जरा फुशारले होते.

आता तूप रवाळ होतं ते याच कडक फॅटमुळे. तो कमी झाला की कणी धरत नाही. उन्हाळ्यात गायी चरायला सुटतात तेव्हाही असं थोडं होतं, पण उन्हाळ्यात तूप पातळ झालं तर कोण विचार करतो?

मी हे सांगितलं. नितीनने हाताची घडी घातली. "तुला तिची बाजू घ्यायचीय, कळतंय मला. पण प्रूफ काय?"

"प्रूफ तुझ्या आईच्या हातात आहे. नॉब आणून दे."

मी सुपरमार्केटमधून साधं क्रीम आणलं. काकूंनी दोन्ही क्रीम एकाच विरजणाने विरजली, एकाच दिवशी घुसळली, एकामागून एक एकाच पातेल्यात कढवली. आमच्याकडे याला ट्रायल म्हणतात. नितीन म्हणाला, हे तर आमचं ए-बी टेस्टिंग. तो त्यांच्या शेजारी उभा राहिला, मी स्टुलावर बसले, आणि दोघांनीही कशाला हात लावला नाही. काकू आधी दर पायरीला फ्रिजवरचा कागद बघत होत्या. बेरीचा वास सुटला तसं ते बघणं थांबलं. त्यांनी मला दोनदा सांगितलं की मध्ये बोलू नकोस.

दोन्ही बरण्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला नितीनचा फोन. "ये." मी तशीच गेले.

सुपरमार्केटच्या क्रीमचं तूप पांढरट-पिवळं, घट्ट, कणीदार. डॅनच्या क्रीमचं तसंच तेलकट, पातळ. काकू दोन्ही बरण्यांत चमचा घालून बघत होत्या. परत परत.

"म्हणजे मी नाही चुकले," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसून रडायला लागल्या. नितीन त्यांच्या पायाशी बसला. आई सॉरी, आई सॉरी, एवढंच म्हणत होता. मीही रडले. चूक माझी होती आणि दोन महिने भोगली त्यांनी, हे मी तिथेच सांगून टाकलं.

काकूंनी पदराने नाक पुसलं. "गायींना जवस घातलंस ते बरंच केलंस. मला एका शब्दाने सांगायचं होतंस. मी काय, तूप फ्रिजमध्ये ठेवलं असतं."

नॉब आता स्टोव्हवर कायमचे राहिले, शिवाय नितीनने आच आपोआप बंद करणारं एक यंत्र बसवलं. क्लिनिकची अपॉइंटमेंट कॅन्सल करू का, असं त्याने विचारलं. काकू म्हणाल्या, "नको. उतू गेलेलं दूध माझंच होतं. जाऊन येऊ." तिथे स्मरणशक्तीचं थोडं निघालं. अगदी सुरुवात आहे, रोजची कामं सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. स्वयंपाक तर मुळीच सोडू नका म्हणाले.

डॅनला मी फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जवस बंद करू?"

"नको. रिपोर्ट चांगला आहे. बाटलीवर एक चिठ्ठी लाव. रेशन बदललंय, लोणी आणि तूप मऊ होईल, दूध खराब नाही."

"तूप करणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत तरी किती?"

"एक आहे ना."

त्याने चिठ्ठी लावली. तेव्हापासून रेशन बदललं की प्रत्येक फार्मला मी असा मजकूर देते. बॉस याला जास्तीचं काम म्हणतो. म्हणो.

गायीचं खाणं आम्ही कधी एका दिवसात बदलत नाही. तिचं पोट बिथरतं. दहा-बारा दिवस मूठ मूठ नवं मिसळत जातो, रोज तिच्यावर लक्ष ठेवतो, ती नीट रवंथ करतेय ना ते बघतो. दूध पिणाऱ्या माणसांसाठी मात्र आमच्या रेशनच्या फॉर्मवर एका ओळीचीही जागा नव्हती.