दाराशी ठेवलेली अबोली

या, अशा जवळ सरकून बसा. आधी तुम्हांला रागवायचंच आहे. बी पेरता आणि तिसऱ्या दिवशी काडीनं उकरून पाहता, आलं का म्हणून. अहो, ते बी आहे. चहाचं आधण नाही झाकण उचलून पाहायला. हक्कानं बोलते, कारण मीही उकरलं होतं.

बी होतं अबोलीचं. माझी मोठी बहीण चिखलीजवळ उंद्रीला असते. आईच्या घरून नेलेली अबोली तिच्या अंगणात होती. भाच्यानं गाडी उभी करायला अंगणात फरशी बसवली आणि अबोली गेली. गाडी अजून आलेली नाही. वाळल्या कणसांतून निघालं तेवढं बी बहिणीनं पुडीत बांधून माझ्या हातावर ठेवलं. "हे गेलं तं सरलं बरं," एवढंच म्हणाली.

निम्मं बी मी दाराशी कुंडीत पेरलं. येता-जाता लक्ष राहील म्हणून दाराशी. अबोली मोठी सावकाश बाई. वीस-बावीस दिवस काहीच नाही. मग नखाएवढी दोन पानं, आणि त्या दोन पानांवर महिनाभर बसून. आमचे हे कचेरीतून निवृत्त झालेले. चष्मा लावून कुंडीपाशी वाकायचे आणि म्हणायचे, "प्रकरण विचाराधीन दिसते." ही चाल त्यांच्या ओळखीची!

मग एकेक रोप बुडाशी काळं पडून आडवं व्हायला लागलं. झालं, सल्लागार जमले. शेजारीण म्हणाली, "नजर लागली, मिरच्या ओवाळा." ह्यांच्याकडे बसायला येणाऱ्या गुरुजींनी ताक सांगितलं, गुरुजींबरोबर येणाऱ्या त्यांच्या मित्रानं राख. शेतीच्या औषधांच्या दुकानदारानं कपाशीला चालणारी आणि माणसाला तेवढी न चालणारी बाटली दिली. मी सगळं घातलं. दिवाळीतही आमच्या घरी कोणाचे एवढे लाड होत नाहीत. आठ दिवसांत कुंडी मोकळी.

नेमका बहिणीचा फोन.

"उगोली काय व?"

"उगोली ना."

"केवढी झाली?"

"वीतभर," माझ्या तोंडातून निघून गेलं.

"मंग कळी दिसली की सांग. येईन पाहाले."

राहिलेलं बी त्याच दिवशी पेरलं. आता हे गेलं की आईची अबोली संपली, आणि बहिणीला तोंड दाखवायची सोयही. म्हणून दुपारभर दारातच तांदूळ निवडत बसायला लागले. गुरुजी आले. मी पाणी दिलं. दोन घोट प्यायले आणि पेल्यातलं उरलेलं पाणी सवयीनं कुंडीत ओतलं. त्यांच्या मित्रानंही तेच केलं. शेजारीण विरजण मागायला आली, पाणी पिऊन जाताना तिनंही. शेवटी आमच्या ह्यांनी.

"हे काय करून राह्यले तुम्ही?" मी ओरडले.

"उरलेलं पाणी वाया काऊन घालवाचं?" हे शांतपणे म्हणाले. "नळ आठ दिवसांनी येते."

खरंच होतं. आमच्या देऊळगावराजात पाणी जमिनीवर कोणी सांडत नाही. त्या पुण्याईत माझी अबोली बुडून मेली, आणि रोपं का मरतात ते मला समजावून सांगणारे हेच सगळे होते.

कुंडी उचलून मागच्या भिंतीशी नेली. माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. उरलेल्या पाण्यासाठी दाराशी बादली ठेवली.

"पाहुण्याइच्या पुढं बादली? लोक काय म्हणतीन?" हे म्हणाले.

"म्हणू द्या. अबोली लोकाइच्या मायची हाये काय?"

दोन रोपं जगली. सहा महिने होत आले तरी चार बोटं. परवा बहिणीनं पुन्हा विचारलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ती हसायलाच लागली.

"वीतभर म्हणे! मायची अबोली पह्यल्या वर्षी चार बोटाच्या वर जात नसते. मले तवाच समजलं, खोटं हाये."

"मंग बोलली काऊन नाही?"

"म्हटलं, लाजंकाजं दोन तं जगवशीन."

 मी म्हटलं, "कळीची वाट पाहू नको बाई. ते जवा येईन तवा येईन. तू चिखलीहून गाडी धर अन् लवकर ये, चार दिवस राहाले ये."