पारोसे साहेब आणि गोजरबाईच्या घुगऱ्या

…तर गोजरबाईनं रामकिसनची मानगूट धरली अन् ऐन पौषात त्याच्या अंगावर दोन तांबे भडाभडा ओतले. पोरगं बोंबललं, "मावशे, मला घुगऱ्या न्हाई पायजेत, घरी जाऊ दे!"

"घरी जाऊन काय खाशील, माती? चल, पाठ कर इकडं!"

झालं होतं असं, की निजामाच्या अमलात वडीगोद्रीजवळच्या त्या खेड्यातल्या शाळेत सरकारी खर्चानं पोरांना न्याहारी सुरू झाली. रांधायला गोजरबाई. बाईचा एकच नेम: पारोशानं, म्हणजे बिनअंघोळीच्या माणसानं, तिच्या हातचं खायचं न्हाई. नवरा तापानं फणफणला होता, तवाही आधी त्याचं अंग पुसलं, मंग पेज पाजली. त्यामुळं शाळेत अक्षरं कमी अन् अंघोळी जास्त होऊ लागल्या. रामराव मास्तर सकाळभर आडाचं पाणी शेंदत.

अशात शाळा तपासणारे मोहतमीम बद्रीनाथराव जालन्याहून रातभर बैलगाडीत हिंदकळत आले. त्यांनी घुगऱ्या चाखून शेरा दिला तरच न्याहारी चालणार, न्हाई तर बंद. साऱ्या पोरांचं सकाळचं पोट त्या एका घासावर टांगलेलं.

साहेबांनी द्रोण उचलला. गोजरबाईनं तो काढून घेतला. "अंघोळ झाली का?"

"बाई, मी मोहतमीम आहे!"

"ते बराबर. पण पारोसे हायत ना!"

मास्तरांनी हात जोडले. "गोजरबाई, आजच्या दिवस तरी…"

"मास्तर, तुम्ही पाणी शेंदा."

साहेब तणतणत गाडीकडं निघाले. इकडं पोरं ओल्या डोक्यांनी पंगतीत बसलेली, अन् पाहुण्यानं घास घेतल्याबिगर बाई त्यांनाही हात लावू देईना. रामकिसन रडकुंडीला आला, "साहेब, जल्दी अंघोळ करा हो! घुगऱ्या निवून राह्यल्या!"

गुळाचा वास साहेबांच्याही नाकात शिरला होता. ते थांबले, शेरवानी उतरवली अन् डोळे मिटून दगडावर बसले. पहिल्या तांब्याला त्यांनी अशी आरोळी ठोकली, की दरोडा पडला म्हणून पोलीस पाटील काठी घेऊन धावत आला.

मंग मास्तरांचं धोतर गुंडाळून, दात वाजवत साहेबांनी दोन द्रोण फस्त केले, न्याहारी चालू ठेवण्याचा शेरा लिहिला अन् विचारलं, "बाई, न्याहारीचा हुकूम सरकारचा. अंघोळीचा कोणाचा?"

गोजरबाई म्हणाली, "हुकूम कशाला लागतो, साहेब? दाणे सरकारचे, पण चूल माझी. लेकरं पारोशी जेवली, तर लोक सरकारला न्हाई, मला नावं ठेवतील. आता डोकं पुसा बरं जल्दी. पडसं झालं तर त्याचा खर्चा सरकार देत न्हाई."