लढाईतला बंब

विमानाचा आवाज आला की सगळं बालाघाट वर पाहायचं. आमच्या गावावरून विमान जाणं ही नवलाईच होती. कारकून हातातली कामं टाकून आवारात यायचे, ड्रायव्हर ट्रकच्या टपावर चढायचे, समोरच्या चहावाल्याचं दूध उतू जायचं. आमचे साहेबही बाहेर यायचे. पण ते खाली पाहायचे. हात मागे बांधून, बुटांच्या आसपासची जमीन निरखत उभे राहायचे. काहीतरी सांडलंय आणि ते सापडत नाही, असा चेहरा. आवाज विरला की काही न बोलता आत जायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गाव त्यांचा स्वभाव एका वाक्यात ठरवून टाकतं आणि मग पुन्हा त्या वाटेला जात नाही. आमच्या साहेबांबद्दल गावाचं वाक्य होतं, ‘साहेब लढाईत बंबावर होते.’

उकव्याच्या खाणीतून मँगनीज घेऊन येणाऱ्या ट्रकांचं आमचं ऑफिस. साहेब त्याचे मुख्य आणि मी टायपिस्ट. माझं शिक्षण जबलपूरच्या इंग्रजी शाळेतलं. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी, असं होता होता मला तीन भाषांत गप्प बसता येऊ लागलं होतं. साहेबांना हे माझं सर्वात मोठं कौशल्य वाटत असावं. त्यांनी मला नोकरी दिली ती चाचणीचा कागद न वाचताच.

ते स्वतःही फारसं बोलत नसत. एकच वाक्य मात्र दिवसातून अनेकदा यायचं. टेबलावर चहाचा कप ठेवायचा, तर, “खाली काय आहे ते बघा.” ट्रक मागे घ्यायचा, तर, “खाली काय आहे ते बघा.” आवारातल्या बाभळीची फांदी तोडायला माणूस चढला तेव्हा साहेब बुंध्याशी उभं राहून हेच वाक्य इतक्या वेळा म्हणाले की तो शेवटी फांदी न तोडताच उतरला. ती फांदी पुढे कित्येक वर्षं ऑफिसच्या कौलांवर घासत राहिली.

बंबाची गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात दशरथने सांगितली. दशरथ आमचा सर्वात जुना ड्रायव्हर. साहेब नवीन आले तेव्हा त्याने सरळ विचारलं होतं, साहेब, तुम्ही लढाईत काय चालवत होते? साहेब एक शब्द बोलले, ‘बॉम्बर.’ दशरथने ऐकलं, बंबर. बंबर म्हणजे बंबावरचा. त्यात चूक ती काय? लढाई म्हटली की आग, आणि आग म्हटली की बंब.

“बाई, जेथी बम पडे ना, तेथी साहेबाचा बंब पोचे,” दशरथ मला सांगत होता. “टन टन घंटा वाजवत. ब्रह्मदेशात अर्धे गावं यांनीच इझवले.”

पण बॉम्बर म्हणजे काय ते मला शाळेत शिकवलेलं होतं. मी मान वर केली, तर साहेब आपल्या खोलीच्या दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलेलं.

“तुमची शाळा इंग्रजी ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग तुम्हाला समजलं असेल.”

“हो.”

“बरं,” ते म्हणाले आणि आत गेले. या विषयावरचं आमचं हे संभाषण पुढे बरीच वर्षं पुरलं.

गावाने मात्र बंबाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. लढाईत एवढाले बंब सांभाळलेला माणूस घरातल्या तांब्याच्या बंबाला हात लावणार नाही, असं कसं होईल? कुणाच्या बंबाची तोटी गळायची, कुणाचा धूर न्हाणीघरात कोंडायचा. बायका निरोप पाठवायच्या आणि साहेब रविवारी जायचे. एकदा माझ्या आईनेही बोलावलं. नको म्हणायला मला धीर झाला नाही. तिला खरं सांगायला तर त्याहून नाही.

साहेब आले, पँट सावरून न्हाणीघरात उकिडवे बसले आणि म्हणाले, “खाली काय आहे ते बघा.” आईने वाकून पाहिलं. जाळीखाली महिन्याभराची राख साचली होती. साहेबांनी ती स्वतः काढली. फार हळू काढली, हाताने चाळत, बोटांनी चिमटीत धरून पाहत. आई नंतर म्हणाली, “केवढ्या सावकाशीनं काम करतात. बंबावरचा माणूस वेगळाच.” मी हो म्हटलं.

खरं काय ते जाणणारा गावात आणखी एक माणूस होता. आम्ही त्यांना हवालदार काका म्हणायचो. ब्रह्मदेशात ते जमिनीवर होते, खेचरांच्या पलटणीत. बाजाराच्या दिवशी ते येऊन आवारातल्या बाकावर बसायचे, साहेब शेजारी बसायचे आणि दोघं चहा प्यायचे. कधी रामपायलीहून एक जण यायचे, कधी हट्ट्याहून एक. सगळे त्याच लढाईवरून परत आलेले. चार माणसं एका बाकावर बसून काहीच बोलत नसत. गावाला वाटायचं, मोठमोठ्या गोष्टी चालल्या असणार.

मी एकदा चहा घेऊन गेले तेव्हा हवालदार काका साहेबांकडे हनुवटी करून म्हणाले, “हे वरून जात अन् आमी खंदकातून पाहू. मले वाटे, वरचा माणूस किती सुखी.” साहेब म्हणाले, “मला वाटायचं, खालचा.” चौघंही हसले. मी कप गोळा करून आले.

मग बाक रिकामा होत गेला. आधी हट्ट्याचे आले नाहीत, मग रामपायलीचे. एकाहत्तरची लढाई झाली तेव्हा दोघंच उरले होते. दिवसभर ऑफिसात रेडिओ लागलेला, आणि गावातली पोरं बाकावरच्या या दोघांसमोरून नवे शूर कोण कोण त्यांची नावं घेत जायची. त्यानंतरच्या हिवाळ्यात हवालदार काकाही गेले. त्यांना पोचवून साहेब वैनगंगेवरून परस्पर ऑफिसात आले. ओल्या केसांनी माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

“आता फक्त तुम्हालाच माहीत आहे,” ते म्हणाले.

नेमका त्याच सुमारास आमच्या नगरपालिकेने बंब घेतला. लाल, चकचकीत, पितळी घंटेचा. लढाईनंतर गावाला कुठल्यातरी सैनिकाचा सत्कार करायचाच होता आणि बंबाला नारळ फोडायला कुणीतरी हवंच होतं. दोन्ही कामं एकाच माणसात उरकत होती. अध्यक्ष स्वतः आमंत्रण द्यायला आले. साहेब नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. ते हो म्हणाले.

अध्यक्ष गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. बसा म्हणाले. यापूर्वी त्यांनी मला कधी बसवलं नव्हतं.

“मी तिथे सांगून टाकणार आहे,” ते म्हणाले. “हवालदार होता तोवर चालत होतं. मी खोटा असलो तरी एका माणसासमोर खरा होतो. आता मी गेलो की हे बंबाचंच खरं होऊन बसेल.”

मग त्यांनी मला ते सांगितलं. सांगताना ते टेबलाच्या काचेकडे पाहत होते. पूल पाडायचा होता. ढग होते. परत फिरायचं तर विमानाच्या पोटातले बॉम्ब घेऊन उतरावं लागणार, आणि ते धोक्याचं. म्हणून अंदाजाने टाकले. नंतर ढग फाटले.

“खाली गाव होतं. भाताची मळणी चालली होती. आपल्या रामपायलीला असते तशी. खळ्याभोवती बैल फिरत होते. एका बाजूला फिरत होते, आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं.”

तीन भाषांपैकी एकीतही मला काही सुचलं नाही. ते म्हणाले, “गावाने मला दगड मारले तरी चालतील. पण ऐकलं पाहिजे.”

कार्यक्रम नगरपालिकेच्या पटांगणात झाला. बंबाला झेंडूच्या माळा, साहेबांनाही तशाच. दुरून पाहणाऱ्याला कुणाचा सत्कार आहे हे चटकन कळलं नसतं. अध्यक्षांनी हिंदीत भाषण केलं, त्यात साहेबांनी लढाईत विझवलेल्या गावांची संख्या दशरथच्या आकड्याहून बरीच वाढली होती. मग साहेब उभे राहिले. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं.

त्यांनी माइकसमोर तोंड नेलं आणि मराठीत स्वच्छ सांगितलं, “मी कधीही बंबावर नव्हतो. मी बॉम्बर चालवत होतो. मी आगी विझवल्या नाहीत, लावल्या. एक तर भलत्याच गावाला लावली.”

मग मागून कुणीतरी खुदकन हसलं. ते हसू पुढे सरकत आलं, अध्यक्षांपर्यंत पोहोचलं, आणि पाहता पाहता अख्खं पटांगण हसू लागलं. आयुष्यभर न बोललेला माणूस बोलला, आणि बोलला तो केवढा विनोद करून! साहेबांनी पुन्हा म्हटलं, “मी खरं सांगतो आहे.” त्यावर तर टाळ्याच पडल्या. नव्या बंबाची घंटा कुणीतरी उत्साहाने वाजवली आणि पुढचं मलाही ऐकू आलं नाही. त्यांचे ओठ मात्र हलत होते.

ते खाली उतरले. दशरथ डोळे पुसत पुढे आला. “साहेब, काय हसवलं जी तुमी. मोठा माणूस आपलं काम असंच लपवते.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही ऐकलंत?”

“ऐकलं,” मी म्हटलं. “सगळं ऐकलं.”

“बरं,” ते म्हणाले. गळ्यातली माळ काढून ती हाताच्या घडीत धरून उभे राहिले.

यानंतर ते पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत. उलट दर रविवारी नगरपालिकेच्या आवारात जाऊ लागले. दशरथला त्यांनीच शब्द टाकून बंबावर लावून दिलं होतं. त्याला आणि त्याच्या माणसांना ते नळी कशी धरायची, पाणी कुठे मारायचं ते शिकवायचे. हे त्यांना कुठून येत होतं कोण जाणे. पुस्तकं मागवून वाचत असावेत. गावाला आग फारशी लागायची नाही. बंब बहुतेक वेळा मंत्री येण्याआधी रस्ता धुवायचा, नाहीतर लग्नाच्या मांडवाला पाणी पुरवायचा. एकदा मात्र बांबूच्या डेपोला लागली आणि बंबाने शेजारची वस्ती वाचवली. त्या दिवशी साहेब गर्दीत मागे उभे होते. वस्तीतली लेकरं मोजत असावेत, असं मला त्यांच्या बोटांवरून वाटलं.

गेल्या साली भाताची कापणी सुरू असताना ते झोपेतच गेले. जवळचं कुणी नव्हतं. अग्नी दशरथने दिला. राख सावडायच्या दिवशी आम्ही वैनगंगेवर पोहोचलो तर घाटावर लाल बंब उभा. राख शांत करायला लोटाभर पाणी पुरतं, नदी तर समोरच होती. पण दशरथचं म्हणणं पडलं की साहेबांची राख बंबाच्या पाण्यानेच थंड झाली पाहिजे. अध्यक्षही आले होते. निम्मा गाव आला होता. आपल्या बंबवाल्याला निरोप द्यायला.

बंबावरच्या नव्या गड्याने नळी उचलली, राखेकडे रोखली आणि तोटीला हात घातला. दशरथने त्याचं मनगट धरलं.

“थांब,” तो म्हणाला. “काहून घाई करून राह्यला? आधी खाली काय हाय ते पाय.”

गडी वाकला. दशरथ वाकला. आणि मग, का ते कुणालाच ठाऊक नसताना, घाटावर जमलेले सगळेच जमिनीकडे पाहू लागले.