लेबलराव आणि हरवलेला प्रिंटर

विवाह नोंदणी कार्यालयाच्या त्या खोलीत चिठ्ठी नसलेली वस्तू शोधून सापडली नसती. कपाटावर ‘कपाट’ अशी चिठ्ठी होती. खिडकीवर ‘खिडकी, पूर्वेची’ असं लिहिलं होतं, आणि खोलीला दुसरी खिडकीच नव्हती. स्टेपलरवर ‘स्टेपलर. परत ठेवा. मी बघतोय.’ अशी तीन वाक्यं दाटीवाटीनं बसवली होती. हा सगळा उद्योग तिथल्या एकुलत्या एका कारकुनाचा. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल, बाकी जग त्यांना लेबलराव म्हणायचं, आणि त्यांना त्याचा राग येत नसे. उलट आपल्यावरही कुणी तरी व्यवस्थित चिठ्ठी लावली याचं त्यांना समाधानच होतं.

तीस वर्षांत त्यांनी हजारो जोडप्यांना दाखले दिले आणि स्वतः मात्र कोरडेच राहिले. लग्न का केलं नाही असं विचारलं, की ते म्हणायचे, “रोज तीन-तीन बघतो. आचारी घरी जाऊन जेवतो का?” खरं कारण एवढंच, की घरी ताई होती आणि तिच्यामुळे त्यांना कशाची उणीव भासलीच नव्हती. लेबलराव सहा वर्षांचे असताना आई गेली तेव्हा ताई चौदाची होती. भाऊ पक्का वेंधळा. आज टोपी हरवली, उद्या डबा हरवला, एकदा तर एका पायात बूट घालून घरी आला. मग ताईनं त्याच्या एकूण एक वस्तूवर नावाच्या चिठ्ठ्या शिवल्या. तेव्हापासून त्यांचं काही हरवलं नाही आणि चिठ्ठीवरची श्रद्धा काही सुटली नाही.

आणि आता बासष्टाव्या वर्षी ताई लग्न करत होती.

नवरदेव म्हणजे निवृत्त बसचालक. गल्लीत त्यांना सगळे बसवाले म्हणत. ताई बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायची. हा माणूस रोज सकाळी खिडकीशी येऊन बसची वेळ विचारायचा. बस तोच चालवायचा, वेळ त्याला तोंडपाठ होती, तरी अकरा वर्षं विचारत राहिला. अशा माणसाला नाही म्हणायला ताईचं काळीज काही दगडाचं नव्हतं.

लग्नाच्या नोटिशीचा अर्ज महिनाभरापूर्वी लेबलरावांच्याच टेबलावर आला होता. त्यांनी तो वाचला, त्यावर तारीख घातली, फाईलमध्ये लावला आणि घरी जाऊन चार दिवस ताईशी फक्त “हं” एवढंच बोलले. गल्लीत मग कुजबुज सुरू झाली, की भावाला हे लग्न खुपतंय, आयता स्वयंपाक जाणार ना! लेबलरावांना ते फार लागलं. लागलं कारण त्यात चार आणे सत्य होतं.

त्या शनिवारी सकाळी अकराला सगळे कार्यालयात हजर झाले. ताई नव्या निळ्या कपड्यांत आली होती, बसवाले इस्त्री केलेल्या कोटात. साक्षीदार दोन. एक बसवाल्यांचा जुना कंडक्टर, ज्याला दार दिसलं की “पुढे सरका” म्हणायची सवय होती, आणि दुसरी ताईची मैत्रीण शिवणवाली, जिच्या तोंडाला आजवर कुणाला टाच मारता आली नव्हती. सह्या झाल्या, नोंदणी अधिकारी मॅडमनी दोघांचं अभिनंदन केलं. आता फक्त दाखला छापायचा होता.

हा दाखला फार महत्त्वाचा होता. पाच तासांवरच्या एका तळ्याकाठच्या विश्रामगृहाला सांभाळायला जोडपं हवं होतं. राहायला दोन खोल्या, पुढे बाग. ताई आणि बसवाले तिकडे आजच निघणार होते. सोमवारी सकाळी विवाहाचा दाखला दाखवला तर काम त्यांचं, नाही तर रांगेत दुसरं जोडपं उभंच होतं. कार्यालय एकला बंद व्हायचं. मॅडम त्याच दुपारी महिनाभराच्या प्रशिक्षणाला जायच्या होत्या. हातानं लिहिलेला दाखला चालत नसे आणि दाखल्याचा कोरा सरकारी कागद कार्यालयाबाहेर न्यायला बंदी होती.

लेबलरावांनी ‘छापा’वर टिचकी मारली. कॉम्प्युटरनं क्षणभर विचार केला आणि सांगितलं: प्रिंटर सापडत नाही.

प्रिंटर कॉम्प्युटरपासून हातभर अंतरावर बसला होता. त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. त्याच्यावर ‘प्रिंटर’ अशी ठसठशीत चिठ्ठीही होती.

“हा काय इथे आहे!” लेबलराव कॉम्प्युटरला म्हणाले.

त्यांनी पुन्हा टिचकी मारली. मग पुन्हा. मग प्रिंटर बंद करून तीस आकडे मोजले. कंडक्टरही मोठ्यानं मोजायला लागला आणि सवयीनं मध्येच माणसं मोजून “पाच!” म्हणाला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं. प्रिंटर चालू केला. त्यानं घसा खाकरला, चाकं फिरवली, हिरवा दिवा लावला. कॉम्प्युटर म्हणाला, सापडत नाही.

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. तो उठायला अकरा मिनिटं लागली. उठल्यावर तो म्हणाला, प्रिंटरचा ड्रायव्हर तपासा.

“मी आहे की,” बसवाले कोट सावरत पुढे झाले.

सगळे हसले. लेबलराव हसले नाहीत. हा विनोद त्या खोलीत याआधी कुणी केला नव्हता हे खरं, पण पुढच्या अर्ध्या तासात तो आणखी चार वेळा झाला.

त्यांनी कॉम्प्युटरमधून प्रिंटर काढून टाकला आणि पुन्हा घातला. कॉम्प्युटरनं यादीत त्याचं नाव दाखवलं, पण फिकट राखाडी अक्षरांत, सुतकातल्यासारखं. तासभर हेच चाललं. मॅडमनी सुचवलं, “वायर बघितलीत का?”

“मॅडम,” लेबलराव दुखावून म्हणाले, “माझ्या वायरवर चिठ्ठी आहे.”

त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढून त्याची पाठ सगळ्यांना दाखवली. तिथे एक वायर खोचलेली होती आणि तिच्यावर नव्या कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘प्रिंटर. हात लावू नये.’ शेजारी तशीच एक राखाडी वायर मोकळी लोंबत होती. तिच्यावर लिहिलं होतं: ‘जुना प्रिंटर. बंद. लावू नये.’ जुना प्रिंटर म्हणजे टेबलाखालचा. तो दोन वर्षांपूर्वी मेला होता, पण कागदोपत्री जिवंत असल्यामुळे फेकता येत नव्हता, म्हणून लेबलराव त्याच्यावर पाय ठेवून बसत.

शेवटी त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, “साहेब, वायर बरोबर प्रिंटरची आहे ना?”

“तीस वर्षांत माझी चिठ्ठी चुकलेली नाही!” लेबलराव ओरडले.

“तसं नाही साहेब, एकदा दुसरी लावून बघा.”

“तिच्यावर ‘लावू नये’ लिहिलंय!” असं म्हणून त्यांनी फोन आपटला.

साडेबारा वाजले. आणि मग शिवणवालीनं इतका वेळ ओठांत धरलेली सुई बाहेर काढली. “कळतंय हो सगळं,” ती म्हणाली. “रोज चालणारा प्रिंटर नेमका आज कसा बंद पडतो? बहीण गेली तर भाजी कोण चिरणार?”

लेबलरावांनी ताईकडे पाहिलं. ती नाही म्हणेल, मैत्रिणीला झापेल, अशी त्यांची खात्री होती. पण ताई नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत तीच शंका होती, अगदी बारीक. दाखला मिळाला नाही तर ताईचं तळं जाणार होतंच, वर जन्मभर तिला वाटत राहणार होतं की दाखला आपल्या भावानंच बुडवला.

“ताई, आईशप्पथ,” ते खुर्चीतून उठले, “मी काही नाही केलं गं.”

“बरं,” ताई म्हणाली. “मला जरा बसू दे. नवे जोडे चावतायत.”

ती त्यांच्या खुर्चीत बसली, जोडे काढले आणि टेबलाखालचा तो मेलेला प्रिंटर पायानं जवळ ओढून त्यावर पाय ठेवले. त्याबरोबर वर टेबलावर काही तरी सरसरलं. ‘प्रिंटर. हात लावू नये.’ अशी चिठ्ठी असलेली वायर ताणली गेली आणि कॉम्प्युटरच्या पाठीतून टपकन निसटली.

ताईनं खाली पाहिलं, वर पाहिलं.

“अरे, ही तर माझ्या पायाखालच्या डबड्याची वायर आहे.”

“शक्यच नाही,” लेबलराव म्हणाले. “चिठ्ठी बघ.”

“चिठ्ठी राहू दे, वायर बघ.” तिनं पायानं डबडं मागे ढकललं, वायरीचं सुटं टोक टेबलावर हललं. ओढलं, पुन्हा हललं. ढकललं, ओढलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. “चिठ्ठ्या नव्या दिसतायत. कधी लावल्यास?”

लेबलरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काल संध्याकाळी ताई घरी ट्रंक भरत होती. ती भरलेली बघवेना म्हणून ते कार्यालयातच थांबले होते, आणि जिवाला काही तरी चाळा म्हणून त्यांनी सगळ्या वायरी काढून, पुसून, त्यांना नव्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. एरवी ते वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावत. काल एकाच टोकाला लावली, कारण डोळ्यांपुढे सारखी ती ट्रंक येत होती.

“काल,” ते म्हणाले.

ताईनं घड्याळाकडे बोट दाखवलं. एकला दहा मिनिटं कमी होती. लेबलरावांनी ‘लावू नये’ लिहिलेली वायर उचलली, डोळे मिटले आणि लावली.

कॉम्प्युटर टुंग करून वाजला. राखाडी नाव काळंभोर झालं, प्रिंटर घरघरला आणि ताईच्या लग्नाचा दाखला गरमागरम बाहेर आला. कंडक्टरनं आनंदानं तोंडानंच दोनदा घंटी दिली. मॅडमनी सही केली, शिक्का मारला. तेवढ्यात प्रिंटरनं दुसरा दाखला काढला. मग तिसरा. दीड तासात लेबलरावांनी नऊ वेळा टिचकी मारली होती आणि प्रिंटरनं त्यातली एकही वाया जाऊ दिली नाही.

“नऊ वेळा लग्न झालं,” बसवाले ताईला म्हणाले, “तेही एकाच माणसाशी. पश्चात्ताप झाला तर आठ रद्द करता येतील.”

आठ रद्द करावेच लागले. लेबलरावांनी प्रत्येकावर लाल शाईनं ‘रद्द’ लिहिलं. मॅडमच्या सहीचा तो पहिला ताईच्या हातात देताना त्यांनी तो दोनदा तपासला, तिसऱ्यांदा तपासला, आणि मग त्यांचा हात सुटेना. ताईनंच तो हळूच ओढून घेतला. शिवणवालीनं पुढे होऊन त्यांच्या बाहीचा उसवलेला कफ बघितला. “सोमवारी आणून द्या, शिवून देते,” ती म्हणाली. तिच्याकडून माफी मिळाली तर ती अशीच मिळायची.

अडीचला बस सुटली. लेबलराव हात हलवून घरी आले.

घर गप्प होतं. चहा करावा म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थबकले. ओट्यावर, फळीवर, कपाटाच्या आत, सगळीकडे चिठ्ठ्या होत्या. ताईचं गोल अक्षर. ‘तांदूळ. दोन वाट्या घे, चार नको.’ ‘गॅस. रात्री बंद केलास का? जा, परत बघ.’ ‘तिखट. डोळ्याला हात लावू नकोस.’ ‘साखर. कमी.’ काल संध्याकाळी ते कार्यालयात वायरींना चिठ्ठ्या लावत होते, तेव्हा ती इथे डब्यांना लावत होती.

लेबलरावांनी एकेक चिठ्ठी नीट वाचली, मग चहा केला. ‘साखर. कमी.’ या डब्यातून दोन चमचे घातले, कारण कमी कुणाला हवी असते? पहिलाच घोट त्यांनी मोरीत थुंकला. चहा खारट होता. समुद्र परवडला असता.

त्यांनी फोन लावला. मागे बसचा आवाज होता आणि बसवाले कुणाला तरी सांगत होते, की वळणावर गिअर असा टाकत नाहीत.

“ताई, साखरेच्या डब्यात मीठ आहे.”

“काही तरीच काय! चिठ्ठी बघ.”

“बघितली,” लेबलराव म्हणाले. “तुझंच अक्षर आहे.”

पलीकडे ताईनं नाक ओढलं.

“मलाही काल काही धड दिसत नव्हतं रे,” ताई म्हणाली. “फार रडले. तू घरी नव्हतास.”

लेबलरावांनी कप खाली ठेवला. त्यांनाही रडू आलं होतं, पण ते हसत होते, आणि दोन्ही एकदम होत असल्यामुळे त्यांना उचकी लागली.

“पाणी पी,” ताई म्हणाली. “आणि ती चिठ्ठी बदल आधी.”

“बदलतो,” ते म्हणाले. “आणि दाजींना सांग, ती बस आता त्यांची नाही, त्या ड्रायव्हरला चालवू दे गाडी.”

महिनाभरानं ताई आणि दाजी घरी आले तेव्हा मिठाच्या डब्यावर अजून ‘साखर. कमी.’ हीच चिठ्ठी होती.