हद्दीबाहेरचे शिखर

‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य मान ताठ ठेवून उच्चारणारा एकच माणूस मी सबंध नाशकात पाहिला, आणि तो माझा साडू होता. त्याच्या दशक्रियेला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, जमलेल्या मंडळींनी त्याचे जे चित्र रंगवले, ते मला साफ नामंजूर आहे. ‘हुशार, पण विक्षिप्त, एका चुकीच्या आकड्याने स्वतःचे नुकसान करून घेतले,’ असे ते म्हणाले. हुशार आणि विक्षिप्त होता, हे कबूल. बाकीचे खोटे आहे.

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी विभागप्रमुख होतो, तिथेच तो चाचण्या घेई. हायड्रोजनवर वीज निर्माण करणाऱ्या सेलला कोरडी हवा सोसत नाही. म्हणून मेम्ब्रेन ह्युमिडिफायरमध्ये पातळ पडद्याच्या एका बाजूने ओली हवा सोडतात आणि तिचा ओलावा दुसऱ्या बाजूच्या कोरड्या हवेला मिळतो. तापमान, दाब आणि हवेचा वेग किती ठेवला म्हणजे तो सर्वाधिक मिळेल, हे साडूने शोधायचे होते. इतर लोक एकेक गोष्ट बदलून पाहत. हा तिन्ही एकदम बदलून मोजक्या चाचण्या घेई, संख्याशास्त्राने त्यांचा डोंगरासारखा पृष्ठभाग रेखाटी आणि त्यावर शिखर शोधी. चाचण्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरे. मधल्या स्थितीची चाचणी मात्र तो पुनःपुन्हा घेई. का, असे विचारले तर म्हणे, “भाऊ, आपली स्वतःची चूक केवढी, ते आधी कळायला नको का?”

घरीही तेच. चहाची पूड, आले आणि उकळण्याचा वेळ यांचे तक्ते ओट्यावर चिकटवलेले. माझी मेहुणी एकदा पाहुण्यांना म्हणाली, “आमच्याकडे चहा मिळत नाही, चाचणी मिळते. आज बिनआल्याची आलीये, गपचूप प्या.” साडूने वहीतून मान वर न करता विचारले, “दहापैकी किती?” पाहुण्यांनी भिडेखातर आठ दिले, तर हा खिन्न झाला. “लोक खरं सांगत नाहीत, तोवर माझा डोंगर सपाटच राहणार.”

ह्युमिडिफायरच्या डोंगराला मात्र शिखरच सापडेना. तापमानाबरोबर चढ वाढतच होता आणि मोजणीच्या कडेला येऊन संपत होता. ‘शिखर मोजलेल्या हद्दीबाहेर आहे, नेमके कुठे, ते मला ठाऊक नाही,’ असे त्याने अहवालात लिहिले आणि आणखी चाचण्या मागितल्या. ग्राहकाला आकडा हवा होता, तोही सोमवारी. साडू मला म्हणाला, “न मोजलेलं मी लिहिणार नाही. तुम्ही साहेब आहात, तुमचं तुम्ही बघा.”

आकडा गेला. त्या तापमानाला ग्राहकाकडचे पडदे महिन्याभरात आकसून फाटले. अहवालावर नाव साडूचे होते. त्याची रवानगी स्टोअरमध्ये झाली आणि निवृत्तीपर्यंत तो तिथे नट-बोल्ट देत बसला. मंडळींची हकीकत इथे संपते.

तो आकडा त्याने लिहिलाच नव्हता. चढाची रेघ कडेच्या पुढे पट्टीने मी वाढवली आणि ‘मला ठाऊक नाही’ लिहिलेले त्याचे पान मी काढून टाकले. चौकशीत मला कोणी विचारले नाही. मी सांगितले नाही. त्यानेही नाही. तरी दर रविवारी तो माझ्याकडे येत राहिला. एकदाच मी विषय काढू लागलो, तर म्हणाला, “राहू द्या, भाऊ. जेवून घ्या आधी.”

गंगेवर कोणीतरी माझ्याकडे वळून विचारले, “बरोबर ना, भाऊसाहेब?” मी मान डोलावली. मेहुणी समोरच बसली होती.

हा मजकूर तिला आधी वाचून दाखवावा, म्हणून काल तिच्याकडे गेलो. ती त्याचा चष्मा पुसत होती. “या, दाजी,” म्हणाली, “तुम्ही आलात की त्यांचं कोणीतरी आल्यासारखं वाटतं.” कागद खिशातच राहिले. उद्या पुन्हा जाणार आहे.