पोचा आलेली थाळी

शेजारच्या सुलभाताई गॅलरीत तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या थाळीचा पोचा उन्हात चमकला. साथीच्या सुरुवातीला सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या, तेव्हाचा तो. माझ्याही थाळीला तसाच पोचा आहे. आमच्या ह्यांनी पळी जरा जोरातच हाणली होती.

"काही म्हणा, एवढ्या मोठ्या गरीब देशात सरकारनं बरंच सांभाळलं हो," त्या म्हणाल्या.

त्यांच्या यजमानांना सरकारी दवाखान्यात खाट मिळाली होती. ह्यांच्या वेळी खाट शिल्लक नव्हती. त्याच दवाखान्याच्या दारात, रिक्षातच हे गेले.

सरकार चुकलं की नाही, हे मला अजून धड ठरवता येत नाही. माझ्या पोटात दुखतं ते वेगळंच. सरकारचं असं सहज कौतुक करायला घरी कुणीतरी परत आलेलं असावं लागतं.

तेवढ्यात आतून त्यांचे यजमान ओरडले, "अगं, जेवायला वाढतेस ना?"

"बघा, जरा दम निघत नाही ह्या माणसाला!" कपाळाला आठ्या घालून सुलभाताई उठल्या.

मला त्या आठ्यांचासुद्धा हेवा वाटला.