'दुबार'चं फोल्डर

शेतीची अवस्था वाईट होती त्या वर्षांत मी अकोल्यात एका संस्थेच्या कचेरीत कापूस पिकवणाऱ्यांचा ई-मेल गट सांभाळत होते. तालुक्यातालुक्यात नवे सायबर कॅफे निघाले होते आणि शेतकरी तिथं बसून इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न धाडायचे. आज तो गट नाही, ते कॅफेही नाहीत, पण ती वाकडीतिकडी मराठी आठवली की अजून हसू येतं. वैताग एकच होता. प्रत्येक प्रश्न दोनदा यायचा, एकदा गटावर आणि एकदा माझ्या पत्त्यावर.

"गटावर पाठवलं की मला मिळतं," असं फोनवर सांगून मी थकले. "थे ठीक हाये मॅडम, पन तुमाले येगळं सांगा लागते ना!" हे उत्तर ठरलेलं. आमच्याकडे घरच्या बैलालासुद्धा पोळ्याच्या आदल्या दिवशी जवळ जाऊन "उद्या जेवाले या" म्हणावं लागतं, मग मॅडमचं काय घेऊन बसलात! शेवटी मी संगणकाला शिकवलं. गटावरचा मेल एका फोल्डरात आणि त्याच माणसाचा, त्याच विषयाचा दुसरा मेल वेगळ्या फोल्डरात. त्याचं नाव ठेवलं 'दुबार'. दर शनिवारी ते न वाचता रिकामं करायचं. मोठी हुशारी केली असं वाटायचं मला.

गटात माझे बाबाही होते. आमच्या तिवशाच्या कॅफेतून ते मला चारचौघांत 'आदरणीय मॅडम' लिहायचे आणि मिशीत हसत असणार, माझी खात्री आहे.

एका शनिवारी 'दुबार' पुसायला घेतलं. पोळ्याचा दिवस, सुट्टी मिळाली नव्हती, घरची फार आठवण येत होती. बाबांचा मेल दिसला, विषय 'कपाशीवर लाल्या रोग', म्हणून उगाच उघडला. वर तोच प्रश्न. खाली मात्र जास्तीचं लिहिलं होतं, "माय, यंदा चारा नाई. बैलजोडी इकली. पोळा झाला का दुसऱ्या दिवशी सकाळीच नेतीन. धाकट्याले पाहाचं असन त येऊन जाय."

या धाकट्या बैलाची आई गेली तेव्हा मी शाळेत होते. त्याला बाटलीनं दूध पाजून मीच वाढवलं होतं.

तशीच उठले. अकोल्याहून अमरावती, तिथून तिवसा, एसटीत जागा मिळूनही बसवेना. पोचले तेव्हा पोळा फुटून बैल घरी आले होते, आईनं त्यांना पुरणपोळी चारलीही होती. धाकट्याच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल. त्यानं खरखरीत जिभेनं माझा हात चाटला. ओळखलं की सवयीनं, देव जाणे. मला रडू आवरेना.

बाबा धाकट्याच्या मानेवर हात फिरवत त्यालाच म्हणाले, "पाह्य, आली ना? आता जाय सुखानं."